किडनीच्या पेशंटला सेप्सिस झाला तर ‘अर्धा डोस, सलाईन बंद’? हा सल्ला अंगाशी येईल

नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा मथितार्थ असा: किडनीच्या पेशंटला सेप्सिस (इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादामुळे अवयव बिघडणं) झाला की वाचत नाही, ताप नसेल तर घाबरू नका, अँटिबायोटिक अर्धंच घ्या, सलाईन लावू देऊ नका, लगेच डायलिसिस करा, रक्तातलं विष निघून जातं.

‘वाचत नाही’ हे साफ खोटं. धोका मात्र खरा आहे. डायलिसिसवरच्या लोकांचे हृदयविकाराखालोखाल सर्वाधिक मृत्यू इन्फेक्शनने होतात, कारण प्रतिकारशक्ती मंदावलेली, सोबत बऱ्याचदा मधुमेह, आणि कित्येकांच्या मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी घातलेली नळी. तरीही आयसीयूतल्या अनेक अभ्यासांत सेप्सिसमुळे ज्यांची धडधाकट किडनी अचानक बसली, त्यांच्यात आधीपासून डायलिसिसवर असलेल्यांपेक्षा जास्त मृत्यू दिसले. तिथे किडनी बसणं हीच आजार किती भडकलाय याची खूण असते.

तापाचं वाक्य सगळ्यात घातक. या लोकांचं अंग मुळातच थोडं गार असतं, त्यामुळे ताप चढेलच असं नाही. डायलिसिसचं मशीन लावल्यावर भरलेली हुडहुडी, असंबद्ध बोलणं, नेहमीपेक्षा उतरलेलं बीपी, धाप, यांकडे बघा. कॅथेटर असेल आणि हुडहुडी भरली, तर घरी न जाता तिथेच ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) मागा. जुनी फाइलही न्या: क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे दाखवणारी रक्ततपासणी) सहा आलं, पण महिन्यापूर्वी किती होतं हे कळल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

आता अर्धा डोस. औषध शरीरातून किती वेगाने बाहेर जाईल, हे किडनी ठरवते. पहिल्या डोसनंतर रक्तात ते किती चढेल, याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. शिवाय सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं आणि औषध आणखी पातळ होतं. म्हणून पहिला डोस सहसा पूर्ण देतात, कमी करायचं ते पुढच्या डोसांत. मेरोपेनेमसारखी काही अँटिबायोटिक औषधं डायलिसिसमध्ये धुऊन निघतात, ती मशीन उतरल्यावर देतात. हा हिशोब डॉक्टरांचा, ग्रुप अ‍ॅडमिनचा नव्हे.

सलाईनची भीती समजण्यासारखी आहे. लघवीच होत नसेल तर पाणी फुप्फुसात साठेल, असं वाटणारच. पण बीपी कोसळलेलं असताना सलाईन अडवणं हा उपाय नाही. सेप्सिसच्या उपचारांसाठीच्या 2021च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अशा वेळी पहिल्या तीन तासांत किलोमागे किमान 30 मिली सुचवलंय, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1800 मिली. किडनीच्या पेशंटला ते टप्प्याटप्प्याने, छाती तपासत देता येतं. बीपी सावरलं नाही तर ते वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन असतंच.

राहिलं डायलिसिस. सेप्सिसचं ‘विष’ त्यातून गाळून निघत नाही. फ्रान्समध्ये सेप्टिक शॉकमुळे (सेप्सिसमध्ये बीपी कोसळल्यामुळे) किडनी बसलेल्यांवर (आधीपासून डायलिसिसवर असलेल्यांवर नव्हे) चाचणी झाली, ती 2018 साली प्रसिद्ध झाली. लवकर मशीन लावून मृत्यू कमी झाले नाहीत, आणि वाट पाहिलेल्यांपैकी 38 टक्क्यांना मशीन लागलंच नाही. पोटॅशियम चढलं किंवा फुप्फुसात पाणी भरलं, तर मात्र रात्री दोनलाही डायलिसिस करावंच लागतं.