मागायला लाज, व्याजाला नाही

घरात पैसा पुरेनासा झाला की आपण काय काय करतो, याचा एक क्रम ठरलेला आहे. आधी फळं बंद. मग लिटरभर दुधाचं अर्धा लिटर. मग सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड (हे त्यांनीच परस्पर ठरवलेलं असतं, कोणाला न सांगता). मग भिशीचा नंबर आधी मागून घ्यायचा, मग मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं बँकेत, आणि तेही कमी पडलं की दर आठवड्याला दारात येणाऱ्या गटवाल्यांचं (मायक्रोफायनान्स कंपन्यांचं) कर्ज. एवढं सगळं करून झाल्यावर कोणीतरी म्हणतं, "अगं, पण त्यासाठी ती योजना होती नं?" तोवर वर्ष निघून गेलेलं असतं.

मी नागपुरात मानेवाड्यात राहते, लोकांचे हिशेब लिहायचं काम करते. त्यामुळे आमच्या लाइनीतली, म्हणजे गल्लीतली, बिलं, नोटिसा, अर्ज हे सगळं फिरत फिरत माझ्या डायनिंग टेबलावर येतं. ते पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. सगळ्यात महाग उपायही आपण मदत मागण्याच्या आधी करतो, कारण तो गुपचूप करता येतो. चोवीस टक्क्यांनी घेतलेलं कर्ज घरातल्या घरात राहतं. सरकारी दाखले मिळतात त्या सेतू केंद्राच्या रांगेत मात्र ओळखीचं कोणी दिसलं की आपण स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढतो.

विजेचंच घ्या. नागपुरात उन्हाळा म्हणजे पारा ४५ च्या आसपास, आणि कूलर बंद ठेवून काटकसर करा असं सांगणाऱ्याने एक रात्र आमच्याकडे काढून बघावी. २०० वॅटचा कूलर दिवसाला १५ तास चालला तर ३ युनिट, महिन्याला ९०. दोन खोल्यांत दोन कूलर असले की एरवी १०० च्या आत राहणारं घर सरळ १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये (दराच्या टप्प्यात) जातं, आणि तिथला दर पहिल्या स्लॅबच्या जवळपास दुप्पट आहे. एक गैरसमज मात्र काढून टाका. १०१ वं युनिट पडलं की सगळीच युनिटं महाग होतात असं नाही, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. मला चांगली शिकलेली माणसंही यावर वाद घालताना भेटली आहेत.

शेजारच्या काकू एप्रिलमध्ये दोन कागद घेऊन आल्या. "बघ नं बाई, एका महिन्याचे दोन बिलं पाठवले. माझा कूलर काय दोन मीटरवर चालते काय?"

दुसरा कागद महिन्याच्या बिलाचा नव्हताच, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा होता. वर्षातून एकदा मागच्या वर्षीचा वापर बघतात, त्या सरासरीवर ठेव किती असायला हवी ते काढतात आणि आधीची ठेव कमी पडत असेल तर फरक मागतात. पैसा आपलाच राहतो, त्यावर व्याज मिळतं, ते बिलात वळतं होतं, आणि एकदम झेपत नसेल तर हप्त्यांत भरू द्या असा अर्ज करता येतो. काकूंनी तो फरक भरायला भाच्याकडून पैसे आणायचं ठरवूनही टाकलं होतं.

मग पहिला कागद वाचला. चालू रीडिंगच्या रकान्यात आकडाच नव्हता, कारण त्या महिनाभर लेकीच्या बाळंतपणासाठी काटोलला होत्या आणि गेटला कुलूप होतं. म्हणजे बिल मागच्या वापराच्या सरासरीचं. हे एवढं कळलं की पुढचं सोपं असतं. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग आलं की दोन महिन्यांची युनिटं एकदम दिसतात, तेव्हा बिल किती महिन्यांचं धरलंय आणि स्लॅब त्या प्रमाणात विभागलेत का, तेवढं बघायचं. काकूंना मी पेन दिलं आणि त्यांच्याकडूनच मीटरचं रीडिंग बिलावर लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं झाले बिल भरू राहिली, पण वरचा आकडा अन् तारीख सोडून काही वाचलं नाही कधी."

बिल चुकीचंच वाटत असेल तर? आपल्याकडे लोक दोनपैकी एक करतात, वैतागून सगळं भरतात किंवा चिडून काहीच भरत नाहीत. दुसरं फार महागात पडतं. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये दोन गोष्टी साध्या आहेत. वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलावर वाद असेल तर हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यात जे कमी असेल ते भरलं की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची. तिथे नाही ऐकलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल, आणि लोकपालांचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. मुंबईला जावं लागत नाही. सौर पॅनलसाठी ३ किलोवॅटला ७८,००० चं अनुदान आहे ते छान आहे, पण ते छत असलेल्यांचं. आमच्या लाइनीतले निम्मे भाडेकरू आहेत.

आता रेशन, आणि इथे मात्र माझी सरकारशी सरळ भांडायची तयारी आहे. शहरात स्वस्त धान्याच्या प्राधान्य यादीत यायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९,००० च्या आत लागतं. महिन्याचे पाच हजारसुद्धा नाहीत! अन्न सुरक्षा कायदा आला २०१३ मध्ये, तेव्हापासून तूरडाळ कुठे गेली, सिलिंडर कुठे गेलं, स्कूल व्हॅन कुठे गेली, ही रेघ मात्र जागच्या जागी. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आज या रेघेच्या वर जाते. मग होतं काय, तर खोटं उत्पन्न लिहिणारा यादीत बसतो आणि खरं सांगणारी बाहेर राहते. माणशी ५ किलो धान्य फुकट आहे ही जाहिरात बघून ती मला विचारते, "ताई, आमचं केशरी कार्ड काय कामाचं मग?"

कामाचं आहे, पण वेगळ्या ठिकाणी. महात्मा फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून सगळ्यांसाठी झाली, पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही कार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. फक्त दवाखाना यादीतला हवा आणि आजारही. धंतोलीतल्या दवाखान्यात पेशंटला घेऊन गेलो की आपण आधी एटीएम शोधतो. आधी आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यातला योजनेचा माणूस, कुठे बसतो ते शोधा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. पैसे भरून, डिस्चार्ज घेऊन, मग योजना आठवली तर परत मिळवायचं जवळपास विसराच. धर्मादाय दवाखान्यांत गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि आणखी १० टक्के सवलतीत ठेवायच्या असतात, हेही काउंटरवर विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मुलीची फी हा तर मोठाच बोजा. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून गेलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज दर वर्षी करायचा, एकदा करून भागत नाही.

लाडक्या बहिणीच्या दीड हजारांवर लोक तावातावाने बोलतात, दोन्ही बाजूंनी. मी बघते त्या तीन-चार घरांत ते पैसे आले की गटाच्या हप्त्यात जातात, बाईच्या हातात दोन दिवसही राहत नाहीत. म्हणून कर्जाबद्दलही थोडं बोलते. गटाच्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायचं नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. हे सांगितल्यावर एक वहिनी मला म्हणाल्या, "पण तो पोट्टा तरी काय करंल, त्यालेबी टार्गेट असंल." खरं आहे. म्हणून त्याच्याशी भांडू नका, कंपनीला लेखी कळवा.

या सगळ्याला जो एक कागद लागतो तो उत्पन्नाचा दाखला. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो आणि जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की तहसीलला पाय ठेवायला जागा नसते. एप्रिलमध्ये काढा, उन्हाच्या आधी सकाळी जा, तलाठ्याचा अहवाल लागेल तर आदल्या आठवड्यातच घेऊन ठेवा. आणि वीजबिल मला दाखवायचं असेल तर इन्बॉक्समध्ये फोटो टाका, पण दोन्ही बाजूंचा. एकाच बाजूचा आला की माझे दोन मेसेज जास्तीचे जातात. रविवारी दुपारी बघते, बाकी दिवशी वेळ नसतो.