ताईने पाठवलेला तीनचाकी इतिहास

रविवारी ताईने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. ‘बीचवरच्या एटीव्हीचा थरारक इतिहास, प्रत्येक पालकाने वाचावा!’ खाली मला टॅग करून लिहिलं, ‘वाच. आता तरी ओमला बसू दे.’ ओम माझा भाचा, वय वर्षं 11. एटीव्ही म्हणजे किनाऱ्यावर भाड्याने मिळते ती जाड टायरांची, मोटारसायकलसारख्या हँडलची चारचाकी. गेल्या वर्षी नागावच्या किनाऱ्यावर त्याला त्या गाडीवरून मीच खाली उतरवलं होतं, त्याचा राग मायलेकांच्या मनात अजून आहे.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: ही गाडी अमेरिकन लष्कराने व्हिएतनामच्या जंगलासाठी बनवली, होंडाने तिची नक्कल करून तीनचाकी काढली आणि त्यावरूनच आपली रिक्षा आली, 1988 मध्ये अमेरिकेने तीनचाकींवर बंदी घातली, मग चौथं चाक लावलं, उलटण्याचा प्रश्न कायमचा मिटला, आणि आता लहान मूलही ती बिनधास्त चालवू शकतं.

रिक्षाचं आधी घेतो, कारण पुण्यात राहून यावर गप्प बसणं शक्य नाही. रिक्षाची आजी म्हणजे इटलीच्या पियाजिओची ‘आपे’, साल 1948. बजाजने पियाजिओचा परवाना घेतला 1959 च्या सुमारास. होंडाची तीनचाकी बाजारात आली 1970 मध्ये. म्हणजे नातवाचं लग्न झाल्यावर आजोबांचं बारसं! शिवाय दोन्हींत तीन चाकांपलीकडे साम्य काय? रिक्षात डिफरन्शियल असतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. तो हिशोब डिफरन्शियल बघतो. होंडाच्या त्या गाडीत तो नव्हताच. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर, म्हणजे दांड्यावर, घट्ट. याकडे परत येतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

लष्कराचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. अमेरिकेत थंडीत मोटारसायकली खपत नाहीत, म्हणून तिथल्या होंडाने 1967 मध्ये जपानकडे ‘डीलरांना हिवाळ्यात विकायला काहीतरी द्या’ अशी मागणी केली. ओसामु ताकेउची या इंजिनिअरने दोनपासून सहा चाकांपर्यंत सगळं करून पाहिलं आणि बर्फ-चिखलात तीनच बरी चालतात असं ठरवलं. फुग्यासारखे जाड, जेमतेम हवेचे टायर हेच तिचं सस्पेन्शन, दुसरं नाहीच. (पुढे लोक ती शेतात नेऊ लागले, तर कापणीनंतरची धसकटं त्या टायरांत घुसायची.) हां, होंडा पहिली नव्हती हे मान्य. कॅनडात 1961 मध्येच सहाचाकी ‘जायगर’ आली होती, आणि जॉन प्लेसिंजर नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने कॉलेजच्या प्रकल्पासाठी केलेली तीनचाकी ‘ट्रायकार्ट’ होंडाच्या आधीची. पण यात लष्कर कुठेच नाही.

बंदीचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. तीनचाकी उलटायच्या. माणसं मेली, मुलं मेली, शेकड्यांनी. मोटारसायकलची सवय असलेला माणूस तोल जायला लागला की पाय खाली टेकवायचा, आणि मागचं चाक त्याच्याच पायावर चढायचं. पण 1988 ला झाली ती कायद्याची बंदी नव्हती, न्यायालयाने मंजूर केलेली तडजोड होती, एका बाजूला अमेरिकन सरकार आणि दुसऱ्या बाजूला होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलारिस. नव्या तीनचाकी विकायच्या नाहीत असं ठरलं. लोकांच्या घरातल्या तशाच राहिल्या. कायद्याने विक्री थांबली ती 2008 मध्ये.

आता शेवटचा दावा. हाच खरा घातक, कारण याच्याच जोरावर ओमला गाडीवर बसवायचं चाललं आहे.

एक तर ‘मग चौथं चाक लावलं’ हे खोटं. सुझुकीची चारचाकी क्वाडरनर 1982 मध्येच आली होती, म्हणजे तडजोडीच्या सहा वर्षं आधी. आणि ताई, ती तडजोड फक्त तीनचाकींपुरती नव्हतीच. चारचाकीही तिच्यात होत्या. 90 सीसीच्या वरची गाडी 16 वर्षांखालच्या मुलासाठी विकायची नाही, गाडीवर इशाऱ्याचं स्टिकर लावायचं, घेणाऱ्याला मोफत प्रशिक्षण द्यायचं, हे दहा वर्षांसाठी कंपन्यांकडून लिहून घेतलं. चौथ्या चाकाने प्रश्न मिटला असता तर हे सगळं कशाला लागलं असतं?

बऱ्याच चारचाकींचा मागचा एक्सल आजही तसाच अखंड असतो. मागची दोन्ही चाकं सारखीच फिरतात, म्हणून नुसतं हँडल वळवून ती नीट वळत नाही, सरळ रेटत जाते. चालवणाऱ्याने वळणाच्या आत झुकून, वजन बाहेरच्या पायावर टाकून तिला वळवायचं असतं. दोन-अडीचशे किलोची गाडी आणि वर तीस किलोचं पोर. ते वजन टाकणार म्हणजे किती टाकणार?

गेल्या वर्षी मी हेच पाहिलं. ओमच्या आधीचा मुलगा लाटांच्या बाजूला जायला लागला, त्याने हँडल पूर्ण वळवलं, गाडी वळेना. एटीव्हीचा अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो. घाबरलेलं मूल हँडल आवळतं, अंगठा आणखी दाबला जातो. गाडीवाला पोरगा ओरडत मागे धावला आणि त्याने मागून चावी फिरवली, म्हणून निभावलं. हेल्मेट दुसऱ्या गाडीच्या आरशाला टांगलेलं. पुढच्या मडगार्डवर स्टिकर होतं, वाळूने अर्धं खरवडलेलं, पण 16 हा आकडा आणि त्यावरची तिरपी रेघ स्पष्ट दिसत होती.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. ताईचं उत्तर आलं, ‘मग काय उंटावर बसवू?’

बसव. उंटाला अ‍ॅक्सिलरेटर नसतो.