कुलपाच्या चिन्हाचा खरा अर्थ
ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसले की संकेतस्थळ विश्वासार्ह समजावे, हे एका लेखातील विधान पटले नाही. ब्राउझर आणि सर्व्हर (संकेतस्थळ जिथे ठेवलेले असते तो संगणक) यांच्यातील माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडचा माणूस सज्जन आहे की भामटा, याच्याशी त्याचा संबंध नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था हे कुलूप दिसण्यासाठी संकेतस्थळाला लागणारी प्रमाणपत्रे २०१५ पासून फुकट देते आणि ती भामट्यांनाही मिळतात. गेल्या महिन्यात थकीत वीजबिलाच्या नावाने मला आलेल्या दुव्यावरही कुलूप होतेच; फक्त पत्त्यात ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही रोमन अक्षरे शेजारी-शेजारी बसवली होती, जी (चष्मा नसता तर) माझ्याही नजरेतून सुटली असती. कुलूप म्हणजे भरवशाचे संकेतस्थळ, हा गैरसमज इतका रुजला होता की गूगलच्या क्रोम ब्राउझरने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकले.