‘एअरलाइन फुकटात पायलट करते’ म्हणे!

“बारावी झाली की एअरलाइन फुकटात पायलट करते, नोकरी पक्की. फक्त चष्मा नको, नव्वद टक्के हवेत आणि इंग्रजी फाडफाड.” निकाल लागल्यापासून हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा फिरतोय. यंदा भाचा बारावी झाला, म्हणून गप्प बसवेना.

फुकटात? ब्रिटिश एअरवेजच्या २०२३ मध्ये जाहीर झालेल्या स्पीडबर्ड अकादमीत प्रशिक्षणाचा खर्च कंपनी उचलते, हे खरं. पण तिथं अर्ज करायला ब्रिटनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क लागतो. आपल्याकडे इंडिगोसारख्यांचे कॅडेट (म्हणजे शिकाऊ पायलट) प्रोग्राम आहेत. त्यात कंपनी निवड करते, अकादमी ठरवून देते. पैसे मात्र कॅडेटच्या घरून जातात आणि आकडा कोटीच्या घरात असतो. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते. गावाकडे तारण म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

नोकरी पक्की? हातात येतं ते अटींचं पत्र: लायसन्स मिळालं, टाइप रेटिंग (म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायची परवानगी) झालं, मेडिकल टिकलं आणि कंपनीला तेव्हा माणसं हवी असली तर. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. सहीआधी करारात दोन गोष्टी हुडका. मध्येच बाहेर पडावं लागलं तर किती पैसे परत मिळतात? आणि कंपनीनं घेतलं नाही तर दुसरीकडे जायची मोकळीक आहे का?

चष्मा चालतो. चष्म्यानं नजर ठरलेल्या मापात आली की झालं. अडकतात ते रंग ओळखण्यात, आणि अनेकांना ते तपासणीच्या टेबलावरच कळतं. म्हणून आधी डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवरच्या सरकारी नियामकाच्या, यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू ही प्राथमिक तपासणी, मग व्यावसायिक पायलटला लागणारं क्लास वन मेडिकल. फी, क्लास, कर्ज सगळं त्यानंतर. मेसेजमध्ये हा क्रमच नाही, माझा खरा राग त्यावर आहे.

नव्वद टक्क्यांची अट डीजीसीएची नाही. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. नसेल तर हे विषय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून देता येतात. एअरलाइनची टक्क्यांची अट वेगळी असते, ती त्यांच्या जाहिरातीत बघा.

इंग्रजी लागतं, कबूल. पण रेडिओवर फाडफाड बोलणाऱ्यापेक्षा सावकाश आणि स्वच्छ बोलणारा बरा.

ज्याबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही, ती निवडीच्या वेळची अॅप्टिट्यूड टेस्ट. जॉयस्टिकनं ठिपका धरून ठेवायचा, कानात आकडे ऐकायचे आणि तोंडी हिशेब करायचा, सगळं एकदम. भाच्याला रोज रात्री जेवताना विचारतो: ४५० नॉटनं, म्हणजे तासाला ४५० सागरी मैलांनी, १२ मिनिटांत किती सागरी मैल? पहिल्या दिवशी त्यानं मोबाइल काढला. परवा भाकरी मोडता मोडता म्हणाला, “नव्वद, मामा. आता वारा समोरून धरू का?”