छत्री काढाल तेव्हाच फ्लूची लसही घ्या

मे उजाडला की आपल्याकडे छत्र्या निघतात, गच्चीवर ताडपत्री चढते, नालेसफाईवरून भांडणं सुरू होतात. त्याच दिवसांत फॅमिली डॉक्टरकडे जाऊन फ्लूची लस टोचून घ्या, असं मी भेटेल त्याला सांगते. उत्तर ठरलेलं असतं, "अगं, साधा ताप तर असतो."

साधा नसतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूमुळे मुंबईतल्या शाळा आणि थिएटरं बंद ठेवावी लागली होती, आठवतंय ना? तो एच१एन१ कुठेही गेलेला नाही. दर पावसाळ्यात फिरतोच आहे. मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांना, गरोदर बायकांना आणि तान्ह्या मुलांना त्यातून न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

"पण दरवर्षी कशाला?" कारण हा विषाणू सतत रूप बदलतो आणि लसीने आलेली ताकदही काही महिन्यांत ओसरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते नव्याने ठरवते. अमेरिकेतली भावंडं ऑक्टोबरात लस घेतात, कारण त्यांचा फ्लू थंडीतला. मुंबईत तो पावसाबरोबर चढतो. लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात, तेव्हा पावसाच्या आधीच घेतलेली बरी.

इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होत नाही. एखादा दिवस हात दुखेल, थोडी कणकण येईल. ती शंभर टक्के संरक्षण देत नाही, हेही खरं. पण लस घेतलेल्यांवर हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ कमी येते, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

माझा खरा आग्रह तरुणांसाठी आहे. वय झालं की लस घेऊनही शरीर पूर्वीसारखा जोर धरत नाही. आजी-आजोबा काही विरार लोकलला लटकत नाहीत. त्यांच्यापर्यंत फ्लू पोचतो तो ऑफिसातून येणाऱ्या मुला-सुनेकडून, शाळेतून येणाऱ्या नातवाकडून. नुसतं "आईबाबांना देऊन आणली" म्हणून भागत नाही. सहा महिन्यांवरच्या बाळापासून सगळ्यांनी घ्यायला हवी.

अडतं ते पैशांपाशी. खासगी दवाखान्यात एका डोसला दीड-दोन हजार जातात. पाच माणसांच्या घराने ते दरवर्षी कुठून आणायचे? राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. निदान साठीच्या पुढच्यांना आणि मधुमेहींना ती पालिकेच्या दवाखान्यात मे महिन्यातच फुकट मिळायला हवी. आमच्या वॉर्डात मी नगरसेवकांना तसं पत्र देणार आहे. सह्या करायच्या असतील त्यांनी कमेंटमध्ये सांगा.