एक ‘ळ’ कमी

रात्री साडेआठला आमच्या घरी कॅश क्लोज होते.

कॅश म्हणजे रोकड नव्हे. ती पेन्शनच्या दिवशी येते आणि दहा तारखेपर्यंत आपल्या वाटेने जाते. क्लोज होतात ती नातीची खेळणी. मी ३४ वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसले. दिवसाअखेर एक रुपया कमी भरला तरी शटर अर्धं ओढून अख्ख्या शाखेने थांबायचं, आणि एक रुपया जास्त भरला तर त्याहून जास्त घाबरायचं, अशा संस्कारांत माझी हयात गेली. निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी मनू झाली. आता ती अडीच वर्षांची आहे. तिचे आईबाप सकाळी नऊला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये शिरतात ते संध्याकाळी सातला बाहेर पडतात. मधले दहा तास मनू, तिचा पसारा आणि मी.

तर साडेआठला मी जमिनीवर बसते (उठायचं कसं ते नंतर बघू) आणि मोजते. ठोकळे ४०. रंगीत कड्या ५, त्या चढवायचा दांडा १. लाकडी फळं-भाज्या ८, त्यांतलं वांगं अर्धं. ते मधोमध कापायचंच वांगं आहे, पण त्याचं दुसरं अर्धं मे महिन्यापासून फरार आहे. भातुकलीची भांडी १४. पुस्तकं ११, सुटी पानं वेगळी. आणि शेवटी अक्षरं, क ते ज्ञ, ३६.

अक्षरं म्हणजे एक फळी आहे. लाकडी म्हणून विकली, निघाली दाबलेल्या भुशाची. तिच्यात प्रत्येक अक्षराच्या आकाराचा खड्डा, खड्ड्यात ते अक्षर, उचलायला वर बारकीशी मूठ. अक्षर उचललं की खाली चित्र दिसतं. क उचला, कमळ. ग उचला, गणपती. ही फळी घरात आल्यापासून तिचा नि माझा ३६चा आकडा आहे. तीन आणि सहा कसे एकमेकांकडे पाठ करून बसतात, तशा आम्ही दोघी रात्री बसतो.

त्या सोमवारी अक्षरं ३५ भरली. पुन्हा मोजली. ३५. ह आणि क्ष यांच्या मध्ये एक खड्डा उघडा, आणि खड्ड्यातून एक रांगतं बाळ माझ्याकडे बघून हसत होतं. ‘ळ’ नव्हता.

घरात मी ही बातमी सांगितली तेव्हा कोणीही शटर ओढलं नाही. मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, “आई, ळ पासून सुरू होणारा एक शब्द सांग, लगेच शोधतो.” सून लखनौची. मराठी झकास बोलते, जोडाक्षरं माझ्यापेक्षा स्वच्छ काढते, फक्त ळ तिच्या जिभेवर टेकत नाही. ती म्हणाली, “आई, कालजी नका करू. मिलेल.” तिच्या बाजूने विचार केला तर खरंच आहे. ज्या अक्षरावाचून तिचं लग्नाला सहा वर्षं होऊनही काही अडलं नाही, ते एका सोमवारी सोफ्याखाली गेलं तर तिने जेवण का सोडावं?

मुलाचं बोलणं मला लागलं, कारण ते बरोबर होतं. ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. ण चंही तेच. म्हणून तक्त्यात बिचारे दुसऱ्यांच्या घरात शेवटच्या खोलीत राहतात. ण बाणाचा, ळ बाळाचा. हे मनूला पटवताना माझा घाम निघाला होता. ब बदकाचा म्हणजे बदक म्हणताना तोंडात आधी ब येतो, हे तिला समजलं होतं. मग बाणाचं चित्र दाखवून मी “ण” म्हटल्यावर तिने माझ्याकडे, काउंटरवर फाटकी नोट सरकवणाऱ्याकडे मी जसं बघायची, तसं बघितलं. “ब,” ती म्हणाली. “बालाचा पन ब.” मी ती नोट गुपचूप परत घेतली.

या फळीच्या आधी मी हौसेने अप्पा बळवंत चौकातून अंकलिपी आणली होती. आम्ही सगळे तिच्यावरच वाढलो. उघडली तर तीच जुनी मंडळी. उ उखळाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अडीच वर्षांच्या मुलीला ऐरण कशी दाखवायची? मी लोहार सांगितला, तर लोहार म्हणजे काय? घण सांगितला, तर घण म्हणजे काय? शेवटी खलबत्ता काढला आणि वर बत्त्याने दणादण ठोकून दाखवलं. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन गेले. तेव्हापासून आमच्याकडे ऐ खलबत्त्याचा आहे.

नवीन तक्ते म्हणाल तर त्यांत ॲ आणि ऑ आलेत. २००९ साली शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात हे दोघे रीतसर रांगेत बसले. त्यावर आमच्या यांची बरीच नाराजी आहे, पण मला ते दोघे आवडतात. मनूला ॲ शिकवायला तीस सेकंद लागले. रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स जात होती.

पण ळ गेला कुठे? घरात लहान मूल असलं की हरवलेल्या वस्तूंची पहिली शंका पोटाकडेच जाते. आमच्या मुलाने याच वयात पाटीवरची पेन्सिल अख्खी चावून खाल्ली होती. तेव्हा सगळीच खायची. आता पाटी नाही, पण भीती आहे. आमचे हे एके काळी हौशी फोटोग्राफर. त्यांच्या फिल्मच्या रिकाम्या डब्यांत अजून आमच्या लवंगा असतात. त्यांनी कुठेसं वाचलेलं की जी वस्तू या डबीत पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही, घशात अडकते. खेळणी तपासायचं खरं नळकांडंही साधारण एवढंच, पावणेबत्तीस मिलिमीटर व्यासाचं. त्यांनी लवंगा ताटलीत ओतल्या आणि ळ च्या शेजारचा ह डबीत घालून पाहिला. ह गेला नाही. आडवा, उभा, तिरका, कसाच नाही. “मग ळ पण गेला नसणार,” ते म्हणाले. त्या रात्री मी झोपले. डाळीला मात्र दोन दिवस फोडणीत लवंग पडली नाही, कारण त्या ताटलीचं मनूने काय केलं ते कोणी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे खरेदीचं खातंही माझ्याकडेच आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. मी दुकानात खोका उजेडाकडे धरून तो मार्क बघते, पाचशेच्या नोटेतला गांधी बघावा तसा. दुकानदार कंटाळतात. नोंदणीकृत कारागिरांच्या हाताच्या कामाला त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीला गेलो तेव्हा चितार आळीत मी डोळे मिटून खरेदी केली. तिथला लाकडी आंबा इतका हुबेहूब की आमच्या यांनी आधी तो नाकाला लावला आणि मग कोणी बघितलं का ते बघितलं. भातुकलीही तिथलीच. चाकावरचा वॉकर मात्र घरात येऊ दिला नाही. भाची टोरांटोला असते. तिने सांगितलं की कॅनडात २००४ पासून तो विकायलाच बंदी आहे. त्यामुळे माळ्यावरून मुलाचा पांगुळगाडा उतरवला, त्याची तिन्ही चाकं तेलपाणी करून कुरकुरती ठेवली, आणि मनू कुठे पोचली ते स्वयंपाकघरातून ऐकू यायला लागलं.

माझ्या परवानगीशिवाय घरात येतात ती भेटीची खेळणी. ज्यांच्या घरी लहान मूल नाही ते लोक आवाज करणारं खेळणं देतात, हा माझा अनुभव आहे. दुसऱ्या वाढदिवसाला मनूला एक बदक मिळालं. दाबलं की ते आधी एक इंग्रजी गाणं म्हणतं, मग टाळ्या वाजवतं, मग स्वतःच स्वतःला शाबासकी देतं. दाबायला बोटच लागतं असं नाही. उशी पुरते. एकदा रात्री पावणेतीनला ते दिवाणाखाली स्वतःचं कौतुक करत सुटलं. सेल काढायचे तर झाकणाला स्क्रू, आणि आमचा बारका स्क्रू ड्रायव्हर कधीच जागेवर नसतो. तो सापडेपर्यंत बदकाने स्वतःला अकरा वेळा शाबासकी दिली. आता स्क्रू असतो तो चांगल्यासाठीच असतो. ते बटणासारखे चपटे सेल मुलाने गिळले आणि अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून भाजतात. म्हणून मी स्क्रूला नावं ठेवत नाही. बदकाला ठेवते.

विकतच्या आवाजाला कंटाळून आमच्या यांनी घरच्या घरी खेळणी करायचं मनावर घेतलं. पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली, त्यांना २०१८ ला पद्मश्री मिळाली, मग आपल्याला निदान एक तरी जमेल, असा यांचा हिशोब. स्ट्रॉचं टोक चपटं करायचं, दोन्ही कडांना तिरकं कापून टोकदार चोच करायची आणि फुंकायचं. पहिल्या बारा स्ट्रॉ नुसत्या थुंकल्या. तेरावी वाजली. आवाज बदकापेक्षा मोठा, आणि हिला स्क्रू पण नाही.

पुस्तकांचं वेगळंच. जाड पुठ्ठ्याची असतात, फाटत नाहीत, चावता येतात, सगळं खरं. पण रोज रात्री एकच. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं, पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. हे मी आतापर्यंत किती वेळा वाचलं याची नोंद ठेवली नाही, त्याचा पश्चात्ताप होतो. तिसऱ्या आठवड्यात मी शहाणपणा केला. झोप अनावर झाली होती, चिऊ बाळाला तीट लावते ते पान मी अंगठ्याखाली दाबून सरळ पुढचं उलटलं. मनूने काही न बोलता माझा अंगठा उचलला, पान मागे घेतलं आणि बोट ठेवलं. मी ३४ वर्षांत ऑडिटर बघितले. सुपारी खाणारे बघितले, चहा नाकारणारे बघितले. पण असा अंगठा कोणी उचलला नव्हता.

तर ळ. मंगळवारी सोफा हलवला. दोन कंगवे, एक एटीएम कार्ड (मुदत संपलेलं) आणि ताटलीतल्या काही लवंगा मिळाल्या. बुधवारी वॉशिंग मशीनचा रबर उलटा केला. गुरुवारी कणकेचा डबा चाळला. शुक्रवारी मी मनूलाच विचारायचं ठरवलं. “मनू, ळ कुठे गं?” ती म्हणाली, “आहे.” कुठे आहे? “आहे.” पुढचे पाच दिवस तिचं उत्तर बदललं नाही. खातेदार जसा ‘पैसे भरलेत’ एवढंच म्हणतो आणि स्लिप दाखवत नाही, तसं.

नवव्या दिवशी, बुधवारी, आमचे हे तापाने पडले म्हणून पूजा माझ्याकडे आली. एरवी देव त्यांचे. ते चष्मा काढून पूजा करतात, वाकलं की घसरतो म्हणून. मी देव ताम्हनात घ्यायला लागले. गणपती, अन्नपूर्णा, शंख, टाक. मागच्या बाजूला आमचा पितळेचा रांगता बाळकृष्ण, एक हात लोण्याच्या गोळ्याला, गुडघा पुढे. आणि त्याच्या गुडघ्याला टेकवून ठेवलेला, पिवळाधम्मक, कपाळी गंध, डोक्यावर अक्षता आणि कालचं सुकलेलं जास्वंद ल्यालेला ‘ळ’.

मी तशीच आत गेले. यांनी एक डोळा उघडून पाहिलं. “तो होय,” म्हणाले, “मला वाटलं तुझ्या माहेरचा टाक. मी रोज घालतो त्याला आंघोळ.”

मनू दाराशी उभी होती. मी तिच्यासमोर ळ धरला. “हा इथे कोणी ठेवला?”

“बालाचा ल,” ती म्हणाली. तिच्या जिभेवर ळ आईच्या बाजूचा आलाय. मग मला काहीच कळत नाही हे लक्षात घेऊन तिने फळीतला उघडा खड्डा दाखवला, त्यातलं रांगतं बाळ दाखवलं, मग देव्हाऱ्यातला रांगता बाळ दाखवला. “बालाला दिला.”

मी ळ पुसून फळीत बसवायला गेले. बसेना. नऊ दिवस स्नान झाल्याने भुसा फुगला होता आणि ळ आपल्या खड्ड्यापेक्षा चांगला दोन सूत मोठा झाला होता. सून म्हणाली, “असू दे आई, राहू दे त्याला तिथेच.” मुलाने या वेळी मोबाइल खाली ठेवला होता. त्याला हसू आवरत नव्हतं म्हणून.

आता ज्या रकमेचा मालक ठरत नाही ती बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतात. म्हणून रात्री साडेआठला मी मोजते आणि मोठ्याने म्हणते, “अक्षरं पस्तीस, एक सस्पेन्सला.” मनू शेजारून दुरुस्त करते, “एक बालाला.” टॅली लागते.

वांग्याचं दुसरं अर्धं अजून मिळालेलं नाही. देव्हारा बघून झालाय.