घड्याळे हलवणे थांबवा, पण थांबवताना प्रमाणवेळेवर थांबवा

मार्चमधला दुसरा रविवार उलटला, अमेरिकेतल्या बहुतेक घड्याळांत पहाटे दोनानंतर एकदम तीन वाजले, आणि आमच्या घरातला एक रोजचा आनंद आता नोव्हेंबरपर्यंत बंद झाला. इथे दर मार्चमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात ('डेलाइट सेव्हिंग टाइम') आणि नोव्हेंबरमध्ये ती मागे, म्हणजे मूळ प्रमाणवेळेवर, आणतात. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहायला येऊन आम्हाला चौदा वर्षे झाली. दर वर्षी या आठवड्यात मनात येणारे विचार मी आजवर बोलून सोडून दिले, यंदा ते नीट लिहावेत असे वाटले.

सांगलीला माझ्या आईचा दिवस पाण्यावर ठरतो. सकाळी सहाला नळाला पाणी येते, पावणेसातपर्यंत ते भरून होते आणि साडेसातला बाबांना इन्सुलिन देऊन नाश्ता वाढायचा असतो. मधला सात ते साडेसात हा काय तो तिचा निवांत वेळ, आणि तोच आमच्या फोनचा. हिवाळ्यात सांगलीत सकाळचे सात वाजतात तेव्हा आमच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात. माझी सात वर्षांची मुलगी जेवून, दात घासून गादीवर बसते, आजीला शाळेतली हकीकत सांगते, आजी तिच्याकडून पाढे म्हणून घेते आणि मग ती झोपते. घड्याळे पुढे गेली की सांगलीतले तेच सात आमच्याकडे रात्री साडेनऊला वाजतात. सकाळी सव्वासातला शाळेची बस दाराशी येते, त्यामुळे मुलीला तोपर्यंत जागे ठेवणे शक्य नसते. उरतात ते शनिवार आणि रविवार. यात सांगलीत कोणाचेही काही बदललेले नाही, ना नळाची वेळ, ना बाबांच्या इंजेक्शनची. इथे एका कायद्याने घड्याळाचा काटा सरकवला आणि आजी-नातीमध्ये एक तास आडवा आला.

"एका तासाने काय होते, चार दिवसांत सवय होते," असे मला अनेकांनी समजावले आहे. एक तास म्हणजे अडीच घटका, आणि त्या चार दिवसांपुरत्या नव्हे तर सुमारे आठ महिन्यांसाठी. २००५ च्या ऊर्जा कायद्याने हा काळ वाढवला आणि २००७ पासून मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार अशी मुदत लागू झाली. परिणामी, कायदा जिला प्रमाणवेळ म्हणतो ती वर्षातले जेमतेम चार महिने पाळली जाते.

माझा मुख्य आक्षेप सकाळविषयी आहे. मार्चच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास उगवू लागलेला असतो. हिवाळाभर अंधारात उठून डबे भरल्यानंतर स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड दिसू लागतो, मुले न कुरकुरता उठतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सूर्योदय पुन्हा सव्वासातच्या पुढे ढकलला जातो. गुढीपाडवा बहुधा यानंतर काही दिवसांतच येतो. सूर्योदयाला गुढी उभारायची तर मार्चमधल्या पाडव्याला इथे सात वाजतात, आणि तोवर यजमान साडेसहाच्या गाडीने कामावर निघून गेलेले असतात. गेल्या काही वर्षांत आमच्या घरी चौघांनी मिळून गुढी उभारली ती पाडवा शनिवारी-रविवारी आला तेव्हाच. घड्याळ प्रमाणवेळेवर असते तर तोच सूर्योदय सहाला झाला असता आणि सगळ्यांना कडुनिंबाचा प्रसाद घेऊन बाहेर पडता आले असते. उन्हाळ्यात संकष्टीचेही तसेच होते. जूनमध्ये इथे सूर्यास्तच साडेआठला होतो, त्यामुळे चंद्रोदयाला रात्रीचे साडेदहा-अकरा होतात आणि दिवसभर उपवास केलेल्या माणसाला ताटावर बसायला तोपर्यंत थांबावे लागते. चंद्र-सूर्य आपल्या वेळेवरच असतात, वाढलेला तास घड्याळाचा असतो.

याची झळ पुण्यालाही लागते, हे इथल्या लोकांना माहीत नसते. आमच्या चमूतले निम्मे सहकारी हिंजवडीत बसतात. आमची सकाळी साडेआठची बैठक उन्हाळ्यात त्यांच्याकडे सायंकाळी सहाला होते आणि नोव्हेंबरपासून सातला. एक तास उशिरा सुटणे म्हणजे हिंजवडीच्या रस्त्यावर काय असते, ते तिथल्यांना सांगायला नको. ज्यांना लंडनमधल्या लोकांबरोबरही काम करावे लागते त्यांची आणखी ओढाताण होते. युरोपातली घड्याळे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे वर्षातून चार वेळा त्यांचे वेळापत्रक मोडते, तेही स्वतःच्या देशात एकही घड्याळ न हलता. बैठक अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे ठरते, पाळणाघराची वेळ पुण्याच्या, आणि ही तारांबळ बहुतेक वेळा आईच्या वाट्याला येते.

हे सगळे कशासाठी सुरू झाले, हेही पाहावे. पहिल्या महायुद्धात जर्मनीने ३० एप्रिल १९१६ रोजी इंधन वाचवण्यासाठी घड्याळे पुढे केली, इतर देशांनी तिचे अनुकरण केले आणि १९१८ मध्ये अमेरिकेनेही. शेतकऱ्यांच्या सोयीसाठी ही पद्धत आली असे अजूनही सांगितले जाते, पण वस्तुस्थिती उलट आहे. शेतकऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला आणि १९१९ मध्ये तो कायदा रद्द झाला. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळे एक तास पुढे होती. युद्ध संपताच भारताने ती मागे घेतली. अमेरिकेत मात्र १९६६ च्या कायद्याने ही प्रथा कायम झाली. विजेच्या बचतीचे म्हणाल तर इंडियाना राज्याचे उदाहरण पुरेसे आहे. २००६ मध्ये तिथे राज्यभर ही पद्धत लागू झाली तेव्हा अभ्यासकांनी आधीची आणि नंतरची वीजबिले ताडून पाहिली. घरगुती वापर कमी होण्याऐवजी सुमारे एक टक्का वाढल्याचे दिसले, कारण दिव्यांवर जे वाचले त्यापेक्षा जास्त वातानुकूलनावर खर्च झाले. आणि वीज वाचली असती तरी जिवाचे काय? अमेरिकेतल्या दोन दशकांहून अधिक काळातल्या अपघातांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मार्चच्या बदलानंतरच्या आठवड्यात प्राणघातक अपघात सुमारे सहा टक्क्यांनी वाढतात, असे त्यात आढळले. याला मी किरकोळ गैरसोय मानू शकत नाही.

घड्याळे हलवणे थांबवा, एवढ्यावर माझे बहुतेक मित्र-मैत्रिणी सहमत आहेत. मतभेद पुढे सुरू होतो, कारण त्यांना उन्हाळ्यातली वेळच बारा महिने हवी आहे. संध्याकाळी मुलांना खेळायला उजेड मिळतो, हे त्यांचे म्हणणे मला समजते, आणि जूनमधली ती लांब संध्याकाळ मलाही प्रिय आहे. पण जानेवारीचे काय होईल? एडिसनमध्ये जानेवारीत सूर्य सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास उगवतो, त्यात तास मिळवा. सव्वाआठ उलटून जाईपर्यंत सूर्य दिसणार नाही आणि मुले त्याच्या तासभर आधी बर्फाच्या कडेला बसची वाट पाहत उभी असतील. हा कल्पनेचा खेळ नाही, या देशाने हे करून पाहिलेले आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी बारमाही पुढच्या वेळेच्या कायद्यावर सही केली आणि ६ जानेवारी १९७४ रोजी तो अमलात आला. डिसेंबरमध्ये ७९ टक्के लोकांचा त्याला पाठिंबा होता. फ्लोरिडात अंधारात शाळेला निघालेल्या मुलांचे अपघाती मृत्यू झाले, ठिकठिकाणी पालक संतापले आणि फेब्रुवारीपर्यंत पाठिंबा ४२ टक्क्यांवर आला. दोन वर्षांसाठी केलेला तो प्रयोग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आवरता घ्यावा लागला. तरीही मार्च २०२२ मध्ये सिनेटने बारमाही पुढच्या वेळेचे विधेयक एकमताने मंजूर केले. प्रतिनिधिगृहात ते मतदानापर्यंत पोहोचले नाही, याचे मला समाधान आहे.

झोपेच्या विकारांवर उपचार करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०२० मध्ये बारमाही प्रमाणवेळेच्याच बाजूने भूमिका घेतली. आपले शरीर सकाळच्या उजेडावर जुळते, असे त्यांचे म्हणणे आहे. पहाटे उठून सूर्याला अर्घ्य देणारे माझे आजोबा हे ऐकून नवल करणार नाहीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की यासाठी वॉशिंग्टनची वाट पाहायची गरज नाही. बारमाही पुढची वेळ हवी असेल तर राज्यांना संसदेची परवानगी लागते, पण बारमाही प्रमाणवेळ स्वीकारण्याची मुभा १९६६ च्या कायद्यातच आहे. हवाईने ती घेतली आहे, आणि ॲरिझोनाने नवाहो या आदिवासी लोकांचा प्रदेश वगळता १९६८ पासून घड्याळे हलवलेली नाहीत. मेक्सिकोने २०२२ मध्ये सीमेलगतचा भाग सोडून देशभर ही प्रथा बंद केली. न्यू जर्सीची अडचण मी जाणते. इथले असंख्य लोक रोज न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियाला कामाला जातात, त्यामुळे शेजारच्या दोन राज्यांना सोबत घेऊनच हे करावे लागेल. ते अवघड आहे, पण कायद्याने अशक्य नाही.

आमच्या मतदारसंघाच्या विधानसभेतल्या दोन्ही प्रतिनिधींना मी काल रात्री पत्र पाठवले. मुलगी झोपली होती, सांगलीहून आईचा फोन येऊन गेला होता, आणि तिने पहिला प्रश्न हाच विचारला होता की आज नऊचा पाढा कोणाकडून म्हणून घ्यायचा. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना असे पत्र लिहायचे असेल त्यांनी खाली कळवावे, मसुदा मी पाठवीन.